वेलीच्या मागे मागे : देमाक, कुदुस, जेपारा

जावाच्या उत्तर किनाऱ्यावर हौसेने फिरायला गेलेला मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. बालीला सगळे जातात, बोरोबुदुरलाही बरेच जातात. पण देमाक, कुदुस, जेपारा अशी नावं घेतली की समोरचा विचारतो, "तिथे काय आहे?"

तिथे लाकूड आहे. माझा मेहुणा कोल्हापुरात दारं-चौकटी करतो. त्याच्याकडे एका हॉटेलवाल्याची जेपाराहून मागवलेली खुर्ची मोडक्या पायाने दुरुस्तीला आली. पाय बसवायला अर्धा तास लागला आणि पाठीवरची पानं बघण्यात दुपार गेली. त्याने मला फोन केला, "दाजी, ही पानं कोरणारा माणूस बघायचाय." घरातल्या दोघींनी, म्हणजे माझी बायको आणि त्याची, लाकडं बघायला येणार नाही असं स्पष्ट सांगितलं आणि थेट बालीचं तिकीट काढलं. नंतर तिथेच भेटायचं ठरलं. दिवाळी नुकतीच झाली होती. जावात तेव्हा पावसाळ्याची सुरुवात असते.

पहिला दिवस : सेमारांगहून देमाक

जकार्ताहून सेमारांगला रेल्वेने आलो. प्रवास चांगला झाला, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही. सेमारांगला गाडी आणि ड्रायव्हर ठरवला. जावात बरोबरीच्या किंवा लहान पुरुषाला 'मास' म्हणतात, वडीलधाऱ्याला 'पाक' आणि बाईला 'बू'. मेहुण्याने पहिल्याच तासात आमच्या ड्रायव्हरला 'मासराव' करून टाकलं, आणि त्यालाही ते आवडलं असावं.

देमाककडे जाताना सायुंगपाशी समुद्र रस्त्याला येऊन टेकलाय. पाऊस नव्हता, तरी अंगणांत पाणी होतं. इथली जमीन खचतेय आणि भरती आत सरकतेय. लोकांनी भर घालून घालून घरातली जमीन इतकी उंच केलीय की दारातून वाकून आत शिरावं लागतं. एका घराची चौकट भरावावर अर्धीच उरली होती, आणि ती कोरलेली होती. मेहुण्याने गाडी थांबवायला लावली. घरातल्या बाईंना आमचं काय चाललंय ते कळेना. तरी त्यांनी चहा विचारला.

देमाकची मोठी मशीद जावातल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक, पंधराव्या शतकातली. घुमट नाही. तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर, आणि आत सागाचे चार प्रचंड खांब. इस्लाम जावात आणणाऱ्या वलींपैकी चौघांनी एकेक खांब दिला, अशी श्रद्धा आहे. त्यातला सुनान कालिजागा यांचा खांब ऐनवेळी तयार नव्हता, म्हणून त्यांनी आवारात पडलेल्या ढलप्या गोळा करून त्या बांधून खांब उभा केला. त्याला 'साका ताताल' म्हणतात. जुन्या खांबांचे तुकडे आता शेजारच्या संग्रहालयात ठेवलेत. मेहुणा काचेला नाक लावून उभा होता. "आपल्याकडे ढलप्या बंबात जातात," एवढंच बोलला.

त्याच संग्रहालयात 'लावांग ब्लेदेग' आहे, म्हणजे विजेचा दरवाजा. की आगेंग सेलो नावाच्या पुरुषाने शेतात वीज पकडली आणि तिचं रूप या दारावर उतरवलं, अशी कथा आहे. सागाच्या दोन फळ्या, लालसर रंग, जबडा उघडलेली नागाची तोंडं, आणि सगळीकडून वेल. मशिदीला आता नक्कल बसवलीय. मूळ दार इथे अगदी हाताच्या अंतरावर आहे. त्यावरचा काळ सांगितला जातो तो शके १३८८, म्हणजे इ.स. १४६६. हा शक आपलाच, शालिवाहनाचा. १६३३ मध्ये जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान आगुंगने चांद्र महिने लागू केले, पण वर्षांचा आकडा शकाचाच पुढे चालू ठेवला. मशिदीच्या दारावर नाग, आणि काळ मोजायला पंचांगातला शक! इथे जुनं टाकून नवं घेण्यापेक्षा जुन्यालाच नवे कपडे चढवायची रीत दिसते. पुढे ती रोजच दिसत राहिली.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी दुपारी जाऊ नका. गुडघे झाकलेले असावेत, आणि बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. चपला काढून ठेवायला एखादी पिशवी न्या, कारण यात्रेकरूंच्या बसा आल्या की चपलांचा डोंगर होतो.

दुसरा दिवस : कुदुस

देमाकहून कुदुस तासाभरावर. गावात शिरताच लवंगेचा वास येतो. लवंग घातलेल्या 'क्रेतेक' सिगारेटचं हे माहेर आहे.

मेहुणा माळकरी आहे, म्हणून खाण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. कुदुसने तो सकाळीच सोडवला. तांजुंग भागात 'लेंतोग' मिळतं. केळीच्या पानावर वाफवलेल्या भाताच्या वड्या, वर कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधातली भाजी, आणि टोफू. कुयरीची भाजी खाऊन वाढलेल्या माणसाला दुसरं काय हवं? त्याने चार पानं संपवली. पानं लहान असतात, हेही सांगायला हवं.

शाकाहारी मंडळींनी 'तान्पा दागिंग' (मांस नको) एवढ्यावर थांबू नये. 'तान्पा तेरासी' हेही म्हणावं. तेरासी म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, आणि तो बहुतेक प्रत्येक चटणीत असतो.

कुदुसचा मनोरा पाहिला की माणूस गोंधळतो. लाल विटांचा, पायऱ्या-पायऱ्यांनी वर जाणारा, भिंतीत चिनी मातीच्या बशा बसवलेल्या, आणि आकार सरळसरळ देवळाचा. मशिदीची स्थापना १५४९ ची. सुनान कुदुस यांनी तेव्हाच्या हिंदू प्रजेची मनं दुखावू नयेत म्हणून गाय कापायची नाही असं सांगितलं. ते इथे आजही पाळतात. सूप असो की साते (काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे), कुदुसमध्ये मांस म्हशीचं. हे मासरावाने सांगितलं तेव्हा मेहुणा गाडीतच हात जोडून बसला. म्हैसही चालत नाही हे त्याला नंतर आठवलं.

दुपारी पाऊस आला आणि आम्ही क्रेतेक संग्रहालयाच्या आवारातल्या जुन्या कुदुस घरात अडकलो. अडकलो ते बरंच झालं. पुढची खोली ओलांडली की समोर भिंत नसते, 'गेब्योक' असतो. घराच्या आतल्या भागापुढे उभा केलेला, खालपासून वरपर्यंत कोरलेला सागाचा पडदा. फुलदाण्या, त्यातून वर चढणारे वेल, मोगऱ्याच्या कळ्या, मुकुट. लांबून सगळं सपाट वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की एका वेलीखालून दुसरी वेल जाते, तिच्याखालून तिसरी, आणि काही ठिकाणी आरपार भोकं आहेत. आतल्या बाईला बाहेरचा पाहुणा दिसावा आणि पाहुण्याला बाई दिसू नये, हे त्याच भोकांतून साधतं.

पुढच्या खोलीत मधोमध एकच खांब असतो. त्याचा अर्थ राखणदार पाकनी सांगितला: देव एक. मेहुण्याचं लक्ष सांध्यांकडे होतं. लोखंडी खिळा कुठेच नाही. खाचेत खुंटी, खुंटीवर पाचर. त्यामुळे अख्खं घर उकलून दुसरीकडे उभं करता येतं. याच सोयीने कुदुसचं नुकसानही केलं. कितीतरी जुनी घरं हप्ता-हप्त्याने सुटी होऊन शौकिनांच्या बंगल्यांत गेली. लाकूड इतकं काळंभोर आणि तरी निरोगी कसं, असं विचारल्यावर पाकनी पारंपरिक कृती सांगितली. केळीचा सोप आणि तंबाखू भिजवलेलं पाणी एकदा, लवंगांचं पाणी एकदा, असं वर्षानुवर्षं पुसत राहायचं. वाळवी फिरकत नाही. मेहुण्याने हे वहीत लिहून घेतलं, आणि गडहिंग्लजचा तंबाखू चालेल का, हेही विचारलं. पाकना गडहिंग्लज कसं समजवायचं ते मला सुचलं नाही.

कोरीव काम इथे कुणी आणलं? कुदुसचे लोक चिनी कारागीर क्याइ तेलिंगसिंग यांचं नाव घेतात. सुंगिंगान ही वस्ती त्यांच्याशी जोडलेली आहे. जेपाराचे लोक दुसरी गोष्ट सांगतात. ती पुढे येईल.

तिसरा दिवस : मांतिंगान आणि कार्तिनी

जेपाराच्या अलीकडेच मांतिंगान आहे. तिथली मशीद राणी कालिन्यामात हिच्या काळातली. या राणीने १५५१ आणि १५७४ मध्ये मलाक्काच्या पोर्तुगीजांवर आरमार पाठवलं होतं. दोन्ही वेळा मलाक्का पडलं नाही, पण पोर्तुगीजांनी तिची धास्ती घेतली. वसईची लढाई ठाऊक असलेल्या माणसाला ही राणी आवडायलाच हवी. मशिदीचा शक शब्दांत कोरलाय: 'रूप ब्राह्मण वर्ण सारी'. एक, आठ, चार, एक, आणि उलटं वाचायचं. शके १४८१, म्हणजे १५५९.

मशिदीच्या पुढच्या भिंतीत फिकट दगडाचे गोल आणि चौकोनी नक्षीफलक बसवलेत. मेहुणा आधी नाराज झाला, "ह्यो तर दगड." मग मासरावाने एका फलकाकडे बोट दाखवलं. कमळाची पानं, देठ, वेल. बस, एवढंच. पण दोन पावलं मागे सरकलं की त्या पानांचा हत्ती होतो. सोंड वेलीची, कान पानाचे, पाय देठांचे. दुसऱ्या एका फलकात खेकडा आहे. मशिदीत प्राणी कोरायचा नाही, आणि हात तर पिढ्यान् पिढ्या हत्ती कोरणारे. मग कारागिराने हत्ती पानांत लपवला. हरकत घेणाऱ्याने बघितलं तर पानं, आणि बाकीच्यांना हत्ती. मी या फलकांसमोर सगळ्यात जास्त वेळ काढला. देमाकचं दार भव्य आहे, कुदुसचा गेब्योक नाजूक आहे, पण अक्कल इथे आहे. जेपाराचे कारागीर आपल्या नक्षीचं मूळ याच भिंतीकडे नेतात.

दुपारी जेपारा गावात. चौकाजवळ कार्तिनी संग्रहालय आहे. आत एका दालनात अवाढव्य सागरी प्राण्याचा सांगाडा मांडलाय. कार्तिनीशी त्याचा संबंध काय, ते विचारू नका. पोरं सगळी तिथेच होती.

रादेन आजेंग कार्तिनी ही जेपाराच्या सुभेदाराची मुलगी, जन्म २१ एप्रिल १८७९. बाराव्या वर्षापासून घरात कोंडलेली, डचमध्ये पत्रं लिहिणारी, मुलींच्या शाळेसाठी झगडणारी, पंचविसाव्या वर्षी बाळंतपणानंतर गेलेली. तिच्या पत्रांत आपल्या पंडिता रमाबाईंचा उल्लेख आहे. गोऱ्या नव्हे, आपल्यासारख्या सावळ्या बाईनेही स्वतःच्या पायावर उभं राहता येतं हे दाखवलं, याचा तिला कोण आनंद झाला होता. हे मला आधी माहीत होतं, तरी तिच्या टेबलासमोर उभं राहिल्यावर रमाबाईंचं नाव मी मोठ्याने घेतलं. शेजारच्या शाळकरी मुलींनी वळून बघितलं.

लाकडाशी तिचा संबंध थेट आहे. गावाबाहेर 'बेलाकांग गुनुंग' वस्तीत कोरणारे लोक होते, उत्तम आणि कफल्लक. कार्तिनीने त्यांच्याकडून पेट्या, पडदे, छोटी टेबलं करून घेतली, स्वतः नमुने काढले, डच मैत्रिणींमार्फत मागण्या मिळवल्या. १८९८ मध्ये हेगला भरलेल्या स्त्रियांच्या कामाच्या प्रदर्शनात जेपाराच्या वस्तू होत्या. तिने वायांगच्या, म्हणजे जावाच्या छाया-बाहुल्यांच्या खेळातल्या आकृत्या कोरायला सांगितल्या तेव्हा कारागीर घाबरले, कारण त्या आकृत्यांमागचे आत्मे कोपतील. शेवटी तिच्या वडिलांनी जे होईल ते माझ्यावर, असं सांगितलं, तेव्हा पटाशी चालली. देवळातून मशिदीत गेलेली वेल अशी सिगारच्या पेटीवर आली. पुढे १९२९ मध्ये डचांनी जेपाराला हस्तव्यवसायाची सरकारी शाळा काढली, तिथे कोरीव काम रीतसर शिकवायला लागले.

संध्याकाळी चौकात 'आदोन-आदोन चोरो' प्यायलो. नारळाचं दूध, आलं, गूळ, मसाले, वर भाजलेल्या खोबऱ्याचे तुकडे. पावसात भिजून आलेल्या माणसाला हे फुकट द्यायला हवं. जेवायला 'होरोक-होरोक' होतं, म्हणजे ताडवर्गीय झाडाच्या खोडातल्या पिठाचे वाफवलेले पांढरे कण, अगदी साबुदाण्याचा धाकटा भाऊ. त्यावर शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या. मेहुणा म्हणाला, "एकादशी इथं करायला हरकत न्हाई." चटणीत तेरासी नाही ना, हे मासरावाने दोनदा विचारून घेतलं.

चौथा दिवस : मुल्योहार्जो आणि सेनेनान

ज्या दिवसासाठी आलो होतो तो हा. जेपारात गावं वाटून घेतलेली आहेत. मूर्ती आणि मुळांची कामं मुल्योहार्जोत, भिंतीवरची उठावचित्रं सेनेनानमध्ये. तहुनानच्या रस्त्यावर मैलभर नुसती फर्निचरची दुकानं. पण दुकानांत काय बघायचं? सकाळी आठला मुल्योहार्जोत पोचलो, तर गल्लीत शिरायच्या आधीच आवाज. टक-टक, टक-टक, प्रत्येक अंगणातून वेगळ्या लयीत.

मुल्योहार्जो म्हणजेच जुनं बेलाकांग गुनुंग. इथल्या एका म्हाताऱ्या पाकनी मूळकथा सांगितली. मजापाहित या जावातल्या जुन्या हिंदू राज्याच्या राजाने चित्रकार प्रबांकाराला राणीचं विवस्त्र चित्र काढायला सांगितलं, तिला न बघता. चित्र हुबेहूब झालं. एवढ्यात वरून पालीची लेंडी पडली आणि चित्रात तीळ झाला. राणीच्या अंगावर खरोखरच त्याच जागी तीळ होता. राजाने चित्रकाराला पतंगाला बांधून उडवून दिलं, आणि वाटेत त्याच्या पटाश्या डोंगरामागे पडल्या. तो डोंगरामागचा भाग हाच. "म्हणजे सगळं पालीमुळे," मेहुणा म्हणाला. पाक खूप हसले. हे भाषांतर फोनने बरोबर केलं असावं.

त्यांच्याकडे 'माचान कुरुंग' होता: पिंजऱ्यातला वाघ. वाघ, त्याच्या गळ्यातली साखळी, आतला चेंडू, बाहेरचे गज, सगळं एकाच ओंडक्यातून. जोड कुठेही नाही. गजांमधल्या फटीतून पटाशी घालून आत वाघ कोरायचा. साखळीची प्रत्येक कडी सुटी हलते. असं काम करणारे हात आता थोडेच उरलेत. मेहुण्याने ते हातात घेऊन बराच वेळ फिरवलं आणि काही न बोलता परत ठेवलं. कोल्हापूरच्या माणसाला गप्प करणारी वस्तू दुर्मीळच.

मग सेनेनान. पत्र्याच्या उंच शेडमध्ये पाच-सहा जण जमिनीवर बसलेले, समोर फळी, उजव्या हाताशी पटाश्यांची रांग. एका संचात तीसेक तरी. वळणदार त्या 'पेंगुकु', सरळ त्या 'पेन्यिलात', खोल खोदायच्या 'कोल', आणि साफसफाईला 'पेंगोत' ही सुरी. कशालाच लाकडी मूठ नाही, अख्खी पटाशी पोलादाची. 'गांदेन' मात्र लाकडाची, म्हणजे आपली मोगरी. लाकडी मुठीवर लोखंडी हातोडी मारणारा मेहुणा आणि पोलादी पटाशीवर लाकडी मोगरी मारणारे ते, यांच्यात यावरून बराच वेळ हातवारे चालले. त्यांचं म्हणणं, मूठ नसली की धारेपासून बोटापर्यंत काही मध्ये येत नाही.

कामाचे टप्पे त्यांनी एकाच फळीवर दाखवले. नमुन्याचा कागद लाकडावर चिकटवतात. मग 'ग्राबाहान', म्हणजे ओबडधोबड उंच-सखल काढणं. मग 'मातुत', आकार जिवंत करणं. पानाच्या शिरा म्हणजे 'बेनांगान', आणि अगदी शेवटी 'चावेनान', हलक्या हाताच्या बारीक रेघा. नक्षीमागची सपाट जमीन ती 'लेमाहान'. मालक पाक म्हणाले, कारागीर ओळखायचा तर पान बघू नका, जमीन बघा. पान सगळेच चांगलं कोरतात. मागची जमीन एकसारख्या खोलीची काढणं कंटाळवाणं असतं, लुच्चा तिथे पकडला जातो. मेहुण्याने फळी तिरकी धरून डोळा लावला. "दाजी, एक सूत फरक न्हाई."

कोरीव पानांच्या शैलींची ओळखही त्यांनीच करून दिली. शैलींना नावं जुन्या राज्यांची नाहीतर ठिकाणांची. पाजाजारानचं पान सगळीकडून फुगीर. मातारामचं पोकळ, आत दबलेलं. मजापाहितमध्ये दोन्हींची सरमिसळ. बालीच्या पानाच्या वळणावर आणखी एक छोटं पान चढवलेलं. जेपाराचं पान टोकाला पंख्यासारखं उघडतं आणि त्याच्या रेघा देठापर्यंत धावत येतात, मध्येच छोट्या गोल फळांचा घोस. त्या मोडक्या खुर्चीवर हेच होतं.

शेडच्या कोपऱ्यात एक बू काम करत होत्या, पन्नाशीच्या. डोक्यावरची ओढणी मागे खोचलेली, पायाच्या अंगठ्याने फळी दाबलेली. जेपारात बायका घासायला असतात तशा कोरायलाही असतात. पुरुषाइतका दर मिळत नाही, असं त्यांनी मालकासमोरच सांगितलं. मालक हसले, नाही म्हणाले नाहीत. त्यांची मुलगी कपड्यांच्या कारखान्यात जाते. या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत असे बरेच कारखाने आलेत. तिथे महिन्याचा ठराविक पगार असतो, इथे जेवढं काम तेवढे पैसे. "मग ती इथे का येईल?" असं बूंनीच मला विचारलं. कार्तिनीच्या गावात याचं उत्तर मी काय देणार होतो!

बाजूला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कोरायचं यंत्र होतं. मला वाटलं पाक त्याच्या नावाने खडे फोडतील, पण ते व्यवहारी निघाले. यंत्र ग्राबाहान करतं, माणसं वाचतात. पण त्याचं पातं गोल फिरतं, त्यामुळे आतला टोकदार कोपरा त्याला येत नाही, आणि एका वेलीखालून दुसरी वेल तर मुळीच नाही. तिथे पटाशीच. खरी भीती त्यांना साध्या खुर्चीची वाटते. १९९७ च्या मध्याला डॉलरला अडीच हजारांच्या आसपास असलेला रुपिया १९९८ मध्ये पंधरा हजारांच्याही खाली घसरला. देश होरपळला, पण डॉलरमध्ये माल विकणाऱ्या जेपाराची चांदी झाली. शेतकरी, मासेमार, सगळे लाकडात आले, आणि साग बेसुमार तुटला. नंतर युरोपच्या गिऱ्हाइकांना कोरीव काम नकोसं झालं. बागेतली सपाट खुर्ची हवी, नक्षी एकही नको. आता कोरीव कामाची मागणी मशिदींची दारं, हॉटेलांचे गेब्योक आणि आखाती दिवाणखान्यातले सोनेरी सोफे यांची.

ते सोफे मला बघवत नाहीत, हे सांगून टाकतो. इतकी चढवलेली नक्षी, त्यावर सोनेरी रंग, त्यावर मखमल. पण बूंच्या हाताला वर्षभर काम त्यानेच मिळतं. माचान कुरुंग काचेत ठेवून मिळणार नाही. मांतिंगानचा हत्ती पानांत शिरला, कार्तिनीची वेल सिगारच्या पेटीवर गेली, तशी आता ती मखमलीच्या कडेला बसलीय. चार दिवस हेच बघत आलो होतो, मग सोफ्यावरच नाक का मुरडायचं, असं मेहुणा म्हणाला. त्याला सोफे आवडलेच होते. खुद्द पाकच्या घरी मात्र रेक्झिनचा सोफा होता. कोरलेल्या सोफ्यावर पाठ टेकवत नाही, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

शेवटचा दिवस : खरेदी आणि परतीची वाट

सकाळी लाकडाच्या वखारी बघितल्या. हे मेहुण्यासाठी. इथे सागाचे ओंडके व्यासावर विकतात. वीस सेंटिमीटरच्या आतला ए-वन, तिशीपर्यंतचा ए-टू, त्यापुढचा ए-थ्री. म्हणजे आकडा चढेल तसा माल चढतो, आपल्या कानाला उलटं. आता बाजारात बारीक, कोवळा सागच जास्त. त्यात पांढरं लाकूड फार. मेहुण्याने बल्लारशाच्या सागाची आठवण काढून उसासा टाकला. महोगनी आणि फणसही कोरायला वापरतात.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आम्ही गेलो त्या कारखान्यात पगार गुरुवारी आणि सुट्टी शुक्रवारी होती, तेव्हा कोरताना बघायचं तर शनिवार ते बुधवार बरे. दुकानात नव्हे, शेडमध्ये जा. कुणी अडवत नाही, मात्र फोटो काढण्यापूर्वी विचारा. 'मेबेल उकिर जेपारा' या नावाला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, पण रस्त्यावरच्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर त्याची खूण असेलच असं नाही. मोठी वस्तू घ्यायची तर जहाजाने पाठवायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होऊ शकतो, आधी तो विचारा. कच्चं, साल असलेलं लाकूड सामानात आणू नका. पॉलिश केलेली वस्तू, आणि तिची पावती. पावसाळ्यात दुपारी दोननंतर बाहेरचं काहीही ठरवू नका.

मी बूंकडून हातभर लांबीची फळी घेतली. पंख्याची पानं, मध्ये फळांचा घोस. साडेसात लाख रुपिया, म्हणजे आपले चार हजारांच्या आसपास. मी घासाघीस केली नाही. मेहुण्याने माझ्या वतीने केली आणि बूंनी ती मोडून काढली. त्याने स्वतः बाजारातून पटाश्यांचा संच घेतला. विमानात तो चेक-इन सामानातच टाका. सेमारांगच्या विमानतळावर तपासणाऱ्याने पेटी उघडली, पटाश्या बघितल्या, "जेपारा?" एवढं विचारलं आणि पेटी बंद केली.

बालीला दोघी भेटल्या. दुसऱ्या दिवशी उबुदच्या एका दुकानात त्यांना एक छोटं कपाट आवडलं. दुकानदाराने सांगितलं, अस्सल बालीचं, इथल्याच कारागिराचं. मेहुण्याने वाकून पानांची टोकं बघितली, बोटाने नक्षीमागची जमीन चाचपली, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि किंमत विचारली. जेपाराच्या अडीचपट.